पटावर आहे, वर्गात आहे का? दिव्यांग मुलाला नेहमीच्या वर्गात शिकवताना

तिसरीच्या वर्गात गणिताचा तास चालू आहे. चौतीस मुलं वजाबाकी करतायत. मागच्या भिंतीला टेकून एक मुलगा फुलाच्या चित्रात रंग भरतोय. सोमवारपासून तेच फूल. हजेरीपत्रकात त्याच्या नावापुढे रोज ‘ह’ पडतो, खिचडी मिळते, गणवेश मिळतो, आणि वर्षाच्या शेवटी तो चौथीत जातो.

तो वर्ग माझा होता. त्याला त्रास नको, बाकीच्यांचा खोळंबा नको, असं मी स्वतःला सांगत होते. त्याला वजाबाकी कुठपर्यंत जमेल हे मी एकदाही तपासलं नव्हतं. पुढे अशी बरीच मुलं माझ्या वर्गात आली आणि त्यांच्यामुळे जे शिकले ते इथे कामाच्या क्रमाने लिहिते आहे. जिल्हा परिषदेच्या किंवा खाजगी प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांसाठी हे आहेच, पण पालकांनीही वाचावं, म्हणजे शाळेकडे नेमकं काय मागायचं ते कळेल.

प्रवेशाच्या दिवशी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. १९९५ च्या जुन्या कायद्यात फक्त सात होती. अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणितात सतत येणारी अडचण), स्वमग्नता (ऑटिझम), थॅलेसेमिया, सिकलसेल हे सगळं आता यादीत आहे. याच कायद्याच्या कलम १६ प्रमाणे शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत वापरता येईल अशी करायची आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायची. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि ही मुलं वंचित घटकात आली, त्यामुळे खाजगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांसाठीही ती पात्र ठरतात.

‘आधी प्रमाणपत्र आणा, मग बघू’ असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. प्रवेशासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ही अट नाही. ते लागतं २५ टक्क्यांतल्या राखीव जागेसाठी, भत्त्यांसाठी, परीक्षेतल्या सवलतींसाठी आणि साहित्यासाठी. म्हणून मूल पहिल्या दिवसापासून वर्गात बसवा आणि कागदाचं काम सोबत चालू ठेवा. यूडीआयडी पोर्टलवर (दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळतं ते सरकारी संकेतस्थळ) अर्ज भरताना मुलाचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डावर आहे तशीच घाला. एका वेलांटीच्या फरकामुळे आयांना तालुक्याला पुन्हा पुन्हा खेपा घालाव्या लागलेल्या मी पाहिल्या आहेत, प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. यू-डायस प्लसवर, म्हणजे शाळांची आणि विद्यार्थ्यांची माहिती भरायच्या सरकारी प्रणालीवर, मुलाची ‘विशेष गरजा’ ही नोंद झाली आहे ना, हे मुख्याध्यापकांनी स्वतः उघडून पाहावं. ती नोंद नसेल तर त्या मुलासाठी काहीही मंजूर होत नाही.

पहिले दोन आठवडे: निदान बाजूला ठेवा, मूल बघा

‘सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी), ६० टक्के’ एवढ्याने उद्याच्या तासाला काय करायचं ते कळत नाही. आईशी बोललं की कळतं. तिला ऑफिसात खुर्चीवर बसवून फॉर्म भरायला लावू नका, शाळा सुटल्यावर पायरीवर निवांत बोला. घरी तो काय स्वतः करतो? लघवीला लागली हे कसं सांगतो? कशाला घाबरतो? काय दिलं की रमतो? आकडी येते का, शेवटची कधी आली, कुठली गोळी चालू आहे? घरात कुणाचं ऐकतो? हे एका पानावर लिहून ठेवा.

मग वर्गात दोन आठवडे निरखा. फळ्यावरचं किती लांबून दिसतं, मागून हाक मारली तर वळतो का, पेन्सिल कशी धरतो, एका वेळी किती सूचना पेलतो, कुठल्या मुलाजवळ आपणहून जातो. नुसतं ‘लक्ष देत नाही’ असं लिहू नका. ‘दोन सूचना एकदम दिल्या तर दुसरी विसरतो’ असं लिहिलं तर उद्या एकच सूचना द्यायची हे आपोआप ठरतं.

काही मुलं कुठलाही कागद नसताना वर्गात असतात, आणि ती ‘ढ’ म्हणून मागे पडतात. त्यांच्यासाठी एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ हे अ‍ॅप आहे. वर्गशिक्षकाने त्यातली पडताळणी सूची भरायची आणि पुढचा भाग विशेष शिक्षकाकडे द्यायचा. तो निदानाचा कागद नव्हे, हे पालकांना सांगताना विसरू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्या दिवशी आपल्या शंकेची यादी डॉक्टरांच्या हातात द्या. नाहीतर एका दिवसात सगळी शाळा तपासायची असते, आणि कमी ऐकू येणारी शांत मुलगी त्या गर्दीत सहज निसटते.

बसायची जागा

निम्मं काम जागेने होतं, हे मला फार उशिरा कळलं.

कर्णबधिर मुलाला पहिल्या रांगेत बसवायची सवय आहे. मला दुसरी रांग, खिडकीच्या बाजूचं टोक जास्त बरं वाटतं. तिथून शिक्षकाचं तोंड दिसतं आणि जराशी मान वळवली की बोलणारी मुलंही दिसतात. पहिल्या रांगेतल्या मुलाला पाठीमागे काय चाललंय, सगळे का हसले, हे कधीच कळत नाही. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडला पाहिजे. खिडकीकडे पाठ करून उभे राहिलात तर त्याला नुसती काळी सावली दिसते. फळ्याकडे वळून बोलू नका, लिहा, वळा, मग बोला. ओठांवरून वाचणाऱ्या मुलाला ‘पाय’ आणि ‘माय’ सारखेच दिसतात, कारण प, ब, म तिन्हीला ओठ तसेच मिटतात. म्हणून महत्त्वाचा शब्द फळ्यावर लिहायचाच. श्रवणयंत्र कानात आहे एवढ्यावर समाधान मानू नका. सेल संपलेला असतो, किंवा मूल वाढलेलं असतं आणि कानातला साचा सैल होऊन शिट्टी वाजत असते. सकाळी परिपाठाआधी पाठीमागून नाव घेऊन बघायचं, दहा सेकंदांचं काम.

अल्पदृष्टी मुलाला फळ्यापासून किती अंतरावर दिसतं हे त्यालाच पुढे-मागे चालायला लावून ठरवा. फळ्यावर उन्हाची तिरीप येत असेल तर त्या खिडकीला पडदा लावा. वहीतल्या फिकट निळ्या ओळी त्याला दिसत नाहीत, जाड काळ्या पेनने ओळी आखून दिल्या की अक्षर एका रात्रीत सुधारल्यासारखं वाटतं. मोठ्या अक्षरातली पाठ्यपुस्तकं समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेतून मिळतात, पण मागणी वेळेत गेली तरच.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचं धड स्थिर नसेल तर हात काम करत नाही. बेंचवर बसत असेल तर पाय लोंबकळता कामा नयेत, खाली लाकडी पाट किंवा विटा द्या. कमरेचा भाग मागे टेकलेला आणि टेबल कोपराच्या उंचीला हवं. बस्करपट्टीवर बसणारा वर्ग असेल तर त्याला एकट्याला खुर्चीवर बसवू नका. दोन भिंतींचा कोपरा पाठीला आधार देतो, पुढ्यात चौरंग ठेवला की झालं, आणि तो सगळ्यांच्या डोळ्यांच्या पातळीत राहतो. पेन्सिलीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला की ती जाड होते. वही चिकटपट्टीने चौरंगाला चिकटवा.

स्वमग्न मुलाला परिपाठाचा स्पीकर कानात सुरीसारखा लागू शकतो. त्याला स्पीकरपासून दूर उभं करा, गरज पडली तर वर्गाच्या दारात. दिवसाचं वेळापत्रक चित्रांत काढून त्याच्या जागेजवळ लावा. तास बदलणार असेल, बाई रजेवर असतील, तर ते आधी सांगा.

रॅम्पबद्दल एकच आकडा लक्षात ठेवा: १ ला १२. चौथरा एक फूट उंच असेल तर उतार बारा फूट लांब हवा, दोन्ही बाजूंना कठडा हवा. अनेक शाळांत चार फुटांत संपवलेली घसरगुंडी आहे, त्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही, उतरताना तर धोकाच. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातली ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून विषय ग्रामसभेत मांडावा.

टाचणवहीत एक जादा ओळ

आता मुख्य गोष्ट. या मुलासाठी वेगळा धडा काढायचा नाही. जो धडा आहे त्याची त्याला पेलेल ती पायरी शोधायची. माझ्या टाचणवहीत, म्हणजे रोजच्या तासांची तयारी लिहायच्या वहीत, मी प्रत्येक तासाखाली एक जादा ओळ लिहू लागले: ‘या तासात अमुक काय करेल?’ ती ओळ रिकामी राहिली तर तास तयार नाही, असा नियम स्वतःला घातला. सुरुवातीला रोज एकाच तासाची ओळ लिहिली तरी चालेल. मी तीन महिने फक्त गणिताचीच लिहीत होते.

उदाहरण म्हणून हातच्याची वजाबाकी घेऊ. बावन्न बोरं होती, अठरा खाल्ली, किती उरली? सगळ्या वर्गाला काड्या द्या. पाच जुड्या, दोन सुट्या. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून एक जुडी सोडा. आता चार जुड्या आणि बारा सुट्या. आठ सुट्या आणि एक जुडी काढली, उरल्या तीन जुड्या, चार सुट्या. चौतीस. हे साऱ्या वर्गालाच हवं असतं, फक्त आपण घाईने फळ्यावर उडी मारतो.

अल्पदृष्टी मुलगी हाताने जुड्या मोजते, तिला फळा लागतच नाही. पण तुम्ही ‘इथून हे घेतलं, तिकडे दिलं’ असं म्हणालात की तिचा धागा सुटतो. ‘दशकाच्या घरातून एक जुडी घेतली, एककाच्या घरात सोडली’ असं पूर्ण बोला.

कर्णबधिर मुलाला काड्या लगेच कळतात. अडतो तो शाब्दिक उदाहरणात, आणि ते गणित नसतं, ती भाषा असते. ‘पैकी’, ‘उरले’, ‘पेक्षा कमी’, ‘हातचा’ हे शब्द त्याने कधी कानाने गोळा केलेले नाहीत. आदल्या दिवशी पाच मिनिटं हे चार शब्द कृती करून दाखवा. हातचा म्हणजे हाताचा नव्हे, हेसुद्धा त्याला सांगावं लागतं.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला उत्तर येतं, पण चौतीस लिहीपर्यंत तास संपतो. त्याला शून्य ते नऊचे अंकपट्टे द्या, तो ३ आणि ४ उचलून ठेवेल. बोलायला वेळ लागत असेल तर मनात दहापर्यंत मोजा आणि त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. वर्गातली मुलंही तेच शिकतात.

बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा, माझा तो फूल रंगवणारा, दहापर्यंत मोजतो. त्याचं काम: दहा काड्या मोजून रबर लावायचं. वर्गातल्या सगळ्या गटांना जुड्या लागतात, त्या त्यानेच बांधायच्या. एखादी नऊची झाली तर हिशेब चुकतो आणि मुलं त्याच्याकडे परत आणतात, ‘मोज परत.’ त्याचं काम बाकीच्यांच्या कामाला जोडलेलं असतं, त्यामुळे ते करमणुकीचं राहत नाही. तीन आठवड्यांनी रबराऐवजी दहा रुपयांची नोट आणि एकेक रुपयाची नाणी. वर्षअखेरीस तो दुकानातून दहाचा बिस्किटपुडा आणत होता. त्याला हातच्याची वजाबाकी आली नाही. दशक आला.

अध्ययन अक्षमता असलेलं मूल ‘बावन्न’ ऐकून २५ लिहितं. याला निष्काळजीपणा म्हणण्याआधी शब्द नीट ऐका. मराठीत आपण ‘बा’ म्हणजे दोन आधी म्हणतो, पन्नास नंतर, आणि लिहिताना पाच आधी लिहितो. साध्या मुलाला सरावाने हे जमून जातं, याला वर्षानुवर्षं जमत नाही. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ अशी जोड दिली तेव्हा मोठा वाद झाला. वाद काहीही असो, या मुलासाठी ती पद्धत उपयोगी आहे, मी बिनदिक्कत वापरते: ‘बावन्न, म्हणजे पन्नास दोन.’ भाषेतही याच मुलाच्या वहीत घ-ध, भ-म, थ-य यांची अदलाबदल, गायब रफार आणि तुटलेली जोडाक्षरं सापडतील. लाल पेनने पान रंगवू नका. एका आठवड्यात एकच जोडी घ्या, वाळूत बोटाने गिरवा, शब्दात शोधायला लावा. इतिहास, परिसर अभ्यास त्याला ऐकवून शिकवा आणि तोंडी विचारा. वाचता येत नाही म्हणून शिवाजी महाराजांची आग्र्याहून सुटका त्याला समजत नाही असं थोडंच आहे?

वर्गातली बाकीची मुलं

नवं मूल यायच्या आदल्या दिवशी वर्गाशी बोला. लपवाछपवी नको आणि ‘बिचारा’ही नको. ‘त्याच्या पायात ताकद कमी आहे म्हणून तो खुर्ची वापरतो. खुर्ची त्याची आहे, विचारल्याशिवाय ढकलायची नाही.’ एवढं पुरतं. मुलं थेट प्रश्न विचारतात, थेट उत्तर दिलं की विषय संपतो.

जोडीदार नेमताना वर्गातली सर्वांत गुणी मुलगी कायमची नेमू नका. तिचं बालपण त्यात जातं, आणि त्या मुलाला एक छोटी आई मिळते, मित्र मिळत नाही. जोडीदार दर आठवड्याला बदला आणि त्यांनाही त्या मुलाकडे काहीतरी मागायला लावा: चित्र काढून दे, पहारा दे, गुण मोज. खेळाच्या तासाला दिव्यांग मुलाला दप्तरं राखायला बसवण्याची प्रथा आजपासून बंद करा. लंगडी जमत नसेल तर तो गडी मोजेल, शिट्टी वाजवेल, लगोरी रचेल. चिडवणं घडलं तर त्याच दिवशी बोला, मात्र सगळ्या वर्गासमोर त्या मुलाला उभं करून नाही.

आकडी आणि शौचालय

आकडी आली तर चप्पल, कांदा, चमचा यांपैकी काहीही जवळ आणू नका. आजूबाजूच्या वस्तू हलवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, कुशीवर वळवा, घड्याळ बघा. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांवर गेली किंवा थांबून लगेच पुन्हा आली तर १०८ ला फोन. हे मुलांनाही शिकवून ठेवा, कारण तुम्ही ऑफिसात असताना ती वर्गात येऊ शकते.

शौचालयाला कडी नको, धरायला दांडा हवा, दार बाहेर उघडणारं हवं. अनेक मुली शाळेत पाणीच पीत नाहीत, कारण तिथवर जाता येत नाही. हे त्या सांगत नाहीत, तुम्हाला विचारावं लागतं.

मूल्यमापन, भत्ते आणि सवलती

आकारिक नोंदीत (वर्षभर वर्गात ठेवायच्या प्रगतीच्या नोंदीत) त्या मुलाची तुलना त्याच्याच जूनमधल्या नोंदीशी करा. ‘जूनमध्ये पाचपर्यंत मोजत होता, ऑक्टोबरमध्ये दहाच्या जुड्या बांधतो’ ही नोंद पुढच्या शिक्षकाला उपयोगी आहे. ‘प्रगती समाधानकारक’ या शब्दांचा कुणालाच उपयोग नाही.

समग्र शिक्षामध्ये अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे, त्यातून साहित्य, मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता वगैरे बाबी भागतात. मुलींना दरमहा २०० रुपये प्रोत्साहन भत्ता दहा महिन्यांसाठी असतो. पालकांचं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, हे जुलैतच बघा. दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत, पण त्यांची तयारी नववीत सुरू व्हायला हवी. लेखनिकाला सांगून उत्तर लिहवून घेणं हे वेगळं कौशल्य आहे, पहिल्यांदाच बोर्डाच्या पेपरात करायला गेलं तर मूल गडबडतं. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षानंतर मिळतं, म्हणून तिसरी-चौथीत शंका आली की पालकांना तपासणीसाठी पाठवा, दहावीच्या जानेवारीत नव्हे.

विशेष शिक्षक आणि विशेष शाळा

गटसाधन केंद्रातले (तालुक्याच्या शाळांना मदत करणारं केंद्र) समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक महिन्यातून एखाद्या वेळी येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक, त्यापुढच्या वर्गांत पंधरामागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण घालून दिलं होतं. प्रत्यक्षात एका व्यक्तीकडे पन्नास-साठ गावं पाहिली आहेत. म्हणून ते आले की मुलाला बाहेर ओट्यावर नेऊन वेगळं शिकवू देऊ नका. त्यांनाच तुमच्या तासाला मागे बसवा, टाचणवहीतली ती जादा ओळ दाखवा आणि विचारा, ‘सर, इथे मी काय बदलू?’ त्यांच्या एका तासाने तुमचे वीस तास सुधारतात.

विशेष शाळेबद्दल माझं मत सरळ आहे. ज्या कर्णबधिर मुलाला सहाव्या वर्षीही कुठलीच भाषा नाही, बोली नाही आणि सांकेतिक भाषाही नाही, त्याला एकटं चाळीस ऐकणाऱ्या मुलांत बसवणं हा समावेश नव्हे. त्याला आधी भाषा हवी, खुणांनी बोलणारी माणसं हवीत, मग नेहमीची शाळा. हा निर्णय आईवडिलांनी घ्यायचा, आपण पर्याय मांडायचे. गृहाधारित शिक्षण मात्र फक्त अतितीव्र आणि बहुविकलांग मुलांसाठी आहे. ‘शाळेत सांभाळायला अवघड’ म्हणून घरी धाडलेल्या मुलासाठी ती तरतूद नाही.

दुसऱ्या पालकांचा प्रश्न

पालकसभेत कुणीतरी विचारणारच: ‘बाई, यात आमच्या मुलांचं नुकसान नाही का होत?’ चिडू नका. काड्यांच्या जुड्या दाखवा, फळ्यावर आधी लिहिलेले शब्द दाखवा, आणि त्यांच्या स्वतःच्या मुलाची वही उघडा. हळू, पूर्ण वाक्यात, दाखवून शिकवलेलं सगळ्यांच्याच डोक्यात बसतं. आणि एखादं मूल खरोखर तास बंद पाडत असेल, ओरडत असेल, मारत असेल, तर तेही कबूल करा आणि काय उपाय चालू आहे ते सांगा. लपवलं की अफवा पसरते.

मार्च-एप्रिलमध्ये

वर्षभर जमवलेलं सगळं बदलीच्या एका कागदाने वाहून जातं. नव्या बाई येतात, मूल पुन्हा भिंतीला टेकतं, आणि आई पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागते. म्हणून शाळा सुटण्याआधी एक पान लिहा. कुठे बसतो, काय येतं, कुठल्या पायरीवर थांबलोय, कशाने बिथरतो, कुठली युक्ती चालली, कुठली चालली नाही, कुणाशी मैत्री आहे, औषध आणि आईचा फोन. त्याच्या दोन वह्या आणि एक जुडी त्याला जोडा. एक प्रत मुख्याध्यापकांच्या फाइलला, एक पुढच्या वर्गशिक्षकाच्या हातात, एक आईकडे. जमलं तर मुलाला घेऊन पुढच्या वर्गात दहा मिनिटं जा, त्याची जूनमधली जागा त्यालाच निवडू द्या आणि तिथे त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवून या.